भाऊ युद्धक्षेत्रात मदतकार्याला निघालाय. ओलीस धरलं गेलं तर माणूस तगतो कसा?

अबोली:

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आहे. एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेतर्फे तो लवकरच दक्षिण सुदानला जातोय. विस्थापितांच्या छावण्यांमध्ये बोअरवेल आणि टाक्यांचं काम आहे. त्याचा निर्णय पक्का आहे आणि मला त्याला अडवायचंही नाही.

गेल्या आठवड्यात तो सुरक्षेचं प्रशिक्षण घेऊन आला. हीट ट्रेनिंग म्हणतात त्याला. त्यात डोक्यावर पोतं चढवून, गुडघ्यावर बसवून खोटं अपहरणसुद्धा करतात म्हणे. त्यावर तो फार बोलत नाही. पण आल्या आल्या त्याने माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. ज्यांची उत्तरं फक्त तोच देऊ शकेल असे काही प्रश्न लिहायचे आणि शेजारी ती उत्तरं. कशासाठी विचारलं तर म्हणाला, "मला कोणी धरून नेलं तर मी जिवंत आहे की नाही ते तुम्हाला यावरून कळेल."

आईला अजून सांगितलेलं नाही. फॉर्म तसाच कोरा पडलाय. मला कळून घ्यायचंय की महिनोन्महिने डांबून ठेवलेली माणसं कशाच्या जोरावर तगतात, आणि घरच्यांच्या हातात काही असतं का. "जाऊ देऊ नका" हा सल्ला कृपया नको. या कामातलं कोणी इथे असेल तर सांगा.

रानपाखरू:

अबोली, मी या क्षेत्रातला नाही, पण बातम्या वाचतो. आपल्याकडची माणसं सुटून आलेली आहेत हे आधी लक्षात घ्या. फादर अलेक्सिस प्रेमकुमार निर्वासितांसाठी काम करणारे जेझुइट. त्यांना जून २०१४ मध्ये अफगाणिस्तानात हेरातजवळून नेलं आणि ते फेब्रुवारी २०१५ मध्ये सुटले. ज्युडिथ डिसूझा यांना जून २०१६ मध्ये काबूलमधून उचललं, जुलैत त्या परतल्या. फादर टॉम उझुन्नालील यांची कैद सगळ्यात लांबली. मार्च २०१६ मध्ये येमेनमधल्या एडनच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला, चार नन्सह सोळा जण मारले गेले आणि फादरना पळवून नेलं. ओमानच्या मध्यस्थीने ते सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर आले. त्यांना मधुमेह होता आणि धरून ठेवणाऱ्यांनी औषधं दिली, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. भावाला काही आजार असेल तर औषधाचं शास्त्रीय नाव त्याला तोंडपाठ असू द्या.

गोदामवाला:

ताई, मी यातून गेलोय. मदतसंस्थेत मी लॉजिस्टिक्स बघायचो. गोदाम, गाड्या, जनरेटर, वायरलेस, सगळं माझ्याकडे. देश आणि संस्था लिहीत नाही, कारण आमचे तिथले सहकारी अजून तिथेच राहतात. पावसाच्या आधी नेलं आणि पाऊस सरल्यावर सोडलं, एवढं पुरे.

पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट. धरणारी पोरंही तेव्हा घाबरलेली असतात, बोट घोड्यावर असतं. कोणी हिसका दिला, खिशात हात घातला की गोळी सुटलीच. आमची गाडी अडवली तेव्हा ड्रायव्हरने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ओठ न हलवता मला म्हणाला, "फोनला हात लावू नकोस." मी त्याच एका वाक्यावर जिवंत आहे असं मानतो. सांगतील ते करायचं, हात दिसतील असे ठेवायचे, सावकाश हलायचं. डोळ्यांवर पट्टी बांधली तर ती सरकवून बघायची नाही. आपण चेहरे पाहिलेले नाहीत, यातच आपली सुरक्षा असते.

एकदा का नेऊन ठेवलं की मग निराळाच काळ सुरू होतो. तिथे शौर्य वगैरे काही कामाला येत नाही, कामाला येतो तो दिनक्रम. आम्हाला मातीच्या खोलीत ठेवलं होतं, खिडकीला पोतं ठोकलेलं. घड्याळं काढून घेतलेली. पण लांब कुठेतरी एक डिझेल जनरेटर होता, आणि जनरेटर म्हणजे माझा रोजचा धंदा. अंधार पडला की तो सुरू व्हायचा. लोड आला की आवाज जड व्हायचा, रात्री उशिरा हलका. मधूनच सूर वरखाली व्हायचा, म्हणजे डिझेल नीट पोचत नव्हतं, फिल्टर बदलायला झाला होता. कोणी तो बदलत नाही याचा मला रोज संताप यायचा. ताई, तो संताप माझ्या फार उपयोगी पडला. भीतीखेरीज दुसरं काहीतरी डोक्यात आहे, याचा तो पुरावा होता.

आणि रोज सकाळी मी मनातल्या मनात आमचं गोदाम उघडायचो. दारातून शिरलं की डाव्या हाताला ताडपत्र्यांचे गठ्ठे, मग जेरीकॅन, मच्छरदाण्या, ओआरएसची खोकी, आणि क्लोरीनच्या बादल्या सगळ्यांपासून लांब, वारा लागेल अशा कोपऱ्यात. प्रत्येक थप्पीचं स्टॉक कार्ड भरायचं. आवक, जावक, शिल्लक. शिल्लक जुळली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दुपार अशी निघायची. बैरुतमध्ये १९८७ ते १९९१ अशी १,७६३ दिवस कैद भोगलेले ब्रिटिश चर्चचे दूत टेरी वेट यांनी डोक्यातल्या डोक्यात आपलं आत्मचरित्र रचलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे व्हिन्सेंट कोशेटेल १९९८ मध्ये रशियातल्या चेचन्याच्या बाजूला ३१७ दिवस कैदेत होते, बराच काळ अंधाऱ्या तळघरात. ज्याचं जे काम, जी आवड, त्यातूनच हा आधार उभा राहतो. तुमचा भाऊ बहुतेक पाइपलाइनी टाकेल.

बाकी साध्या गोष्टी. मिळेल ते खायचं, नकोसं वाटलं तरी. साखळी जेवढी पुरेल तेवढं चालायचं. पाणी मिळालं तर आधी प्यायचं, उरलं तर तोंड धुवायचं. त्यांच्याशी धर्म आणि राजकारण यावर वाद घालायचा नाही, खोटी वचनं द्यायची नाहीत, स्वतःच्या सुटकेचा सौदा स्वतः करायला जायचं नाही. आमच्या पहाऱ्यावर एक कोवळं पोरगं होतं. त्याच्या पायाला जखम होऊन ती चिघळली होती. पाणी उकळून, निववून, त्याने धू, असं मी त्याला खुणेने सांगितलं. काही दिवसांनी त्याने माझं नाव विचारलं. त्यानंतर तो मला नावाने हाक मारायचा. याला कोणी लगेच स्टॉकहोम सिंड्रोम म्हणेल, म्हणजे ओलिसाला धरणाऱ्याविषयीच आपुलकी वाटू लागणं. १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या बँकेत माणसं ओलीस धरली गेली त्या घटनेपासून हा शब्द फार स्वस्त झालाय. पाणी देणाऱ्याचे आभार मानणं हा आजार नाही. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला आपण माणूस दिसायला हवं, एवढाच त्यात हिशोब असतो.

ओलिसाचं मोल तो जिवंत आहे तोवरच, हे बहुतेक टोळ्या जाणतात. पहिली रात्र मी त्याच विचारावर काढली. सगळीकडे हे चालत नाही हेही सांगतो. इस्लामिक स्टेटने २०१४ मध्ये डेव्हिड हेन्स आणि अ‍ॅलन हेनिंग या मदतकर्मींना मारलं, कारण त्यांना जगाला दाखवायला मृत्यूच हवे होते. म्हणून मी कोणाला "काही होत नाही" असं म्हणत नाही.

सगळ्यात जास्त मोडतं ते "शुक्रवारी सोडणार" हे वाक्य. शुक्रवार येतो आणि जातो. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, "सोडतील तेव्हा सोडतील, आज पाणी वेळेवर आलं का ते बघ."

त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बातमीत आमच्यासारख्या परदेशातून गेलेल्यांची नावं येतात. प्रत्यक्षात हल्ले, अपहरणं सोसणाऱ्या मदतकर्मींमध्ये दहातले नऊ तिथले स्थानिक असतात. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये ३८३ मदतकर्मी मारले गेले, १२५ जणांना पळवून नेलं. त्यातले बहुतेक आपापल्याच देशात काम करत होते. मला आधी सोडलं. तो मागे राहिला. त्याच्यासाठी त्याच्या जमातीतले वडीलधारे बसले, बोलणी झाली, तेव्हा कित्येक आठवड्यांनी तो सुटला. ज्या दिवशी मी गाडीत बसलो, तो साखळीच्या टोकाला उभा होता आणि मला म्हणाला, "माझ्या घरी फोन कर." तो फोन मी केला. पण मी आधी का आणि तो नंतर का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

स्पष्टवक्ता:

वाचून वाईट वाटलं, तरी विचारतो. खंडणी दिली की पुढच्या अपहरणाला भांडवल मिळतं. मग अशा ठिकाणी माणसं पाठवायचीच का?

गोदामवाला:

प्रश्न रास्त आहे. सुरक्षा परिषदेने जानेवारी २०१४ मध्ये ठराव २१३३ केला, त्यात दहशतवाद्यांच्या हाती खंडणी पडू देऊ नका असंच देशांना सांगितलंय. ओलीस धरणं जिनिव्हा करारांनी निषिद्ध ठरवलंय, १९७९ चा वेगळा आंतरराष्ट्रीय करारही आहे. हे सगळं असून माणसं पळवली जातात. पण जिथे विहिरीत प्रेतं टाकून पाणी नासवलंय, तिथे कोणीतरी क्लोरीन घेऊन जायलाच हवं. धोका कमी करत जायचं, हा मधला रस्ता आहे आणि तो खर्चाचा आहे. माझा राग त्या खर्चात काटकसर करणाऱ्यांवर आहे.

दिवा:

अबोली, मी एका मदतसंस्थेत अशा प्रसंगी कुटुंबाशी बोलण्याचं काम केलंय. घरच्यांची बाजू थोडक्यात लिहिते.

घरातून एकच माणूस संस्थेशी बोलेल, हे आत्ताच ठरवा. तुमच्या घरी ती तुम्हीच असाल असं दिसतंय. एक फोन त्यासाठी मोकळा, शेजारी वही. कोण बोललं, किती वाजता, नेमके कोणते शब्द, मागे कसले आवाज, सगळं लिहायचं. बातमी फुटली की भामटे फोन करतात, "तो आमच्याकडे आहे, पैसे पाठवा". म्हणून पैशाचा शब्द स्वतः कधीच द्यायचा नाही. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप गट, पत्रकार, सगळ्यांपासून लांब. पळवणारेही तुमच्या पोस्ट वाचतात. नातलगाने भावनेच्या भरात टाकलेल्या फोटोवरून, घर मोठं आहे एवढ्यावरून मागणी वाढू शकते. तो व्हिडिओत दिसला, सरकारला शिव्या देताना दिसला, तर त्याचे शब्द धरू नका. ते वाचायला दिलेले असतात. त्याचा चेहरा, हालचाल, वजन बघा.

त्याच्या बँकेचं, विम्याचं, भाड्याचं मुखत्यारपत्र करून ठेवा. हे फार रुक्ष वाटतं, पण नवरा कैदेत आणि खातं त्याच्या एकट्याच्या नावावर म्हणून घरात पैसा नाही, असं मी पाहिलंय. आणि आईला सांगा. जाण्याआधी, भावानेच सांगावं. नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर त्या तुम्हा दोघांवरचा विश्वास गमावतील, आणि नेमका तेव्हाच तो लागतो.

अबोली:

तुम्हा सगळ्यांची ऋणी आहे. काल रात्री भावाला हा धागा वाचायला दिला, मग त्यानेच आईशी बोलणं काढलं. ती रडली आणि मग तिने विचारलं, "तिथे याच्याबरोबर गाडीत कोण असेल?" ते उत्तर आमच्याकडे नव्हतं.

गोदामवाला दादा, दोन गोष्टी विचारू का? त्या फॉर्ममध्ये काय लिहावं? आणि सुटून आल्यावर माणूस कसा असतो?

गोदामवाला:

ताई, फॉर्मबद्दल आधी. शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव, वाढदिवस असलं काही नको. ते सगळं इंटरनेटवर सापडतं. भांडणाची, मृत्यूची आठवणही नको. का, ते सांगतो. आम्हाला ठेवलं होतं तिथे एकदा एक अनोळखी माणूस आला. त्याच्या हातात कागदाचा चिटोरा. अडखळत त्याने वाचलं, "लहानपणी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तू काय काढलं होतंस?" मी मालगाडी काढली होती, डबे दारात मावेनात म्हणून शेवटचे दोन वरच्या कडेला उभे. हे फक्त माझ्या बहिणीला माहीत. म्हणजे ती फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी शेजारी बसली होती, बोलणी चालू होती, मला कोणी विसरलेलं नव्हतं. तो माणूस गेल्यावर मी खूप वेळ हसत होतो आणि ड्रायव्हरला वाटलं माझं डोकं फिरलं. ताई, तो फॉर्म संस्थेला उत्तर कळावं म्हणून असतो, पण त्यातला प्रश्न तुमच्या भावाला घरून आलेलं एकमेव पत्र असेल. तेव्हा जे आठवून त्याला हसू फुटेल तेच लिहा. आईलाही एक प्रश्न लिहायला सांगा.

सुटकेबद्दल भावाला प्रशिक्षणात सांगितलंच असेल. सैनिकांनी धाड घातली तर जमिनीवर आडवं व्हायचं, हात उघडे, पळायचं नाही. पहिल्या क्षणी सोडवणारे आपल्यालाही बांधू शकतात. अमेरिकन मदतकर्मी जेसिका बुकॅनन आणि त्यांचे डॅनिश सहकारी यांना जानेवारी २०१२ मध्ये सोमालियातून अशा रात्रीच्या धाडीतच सोडवलं. सुटल्यावर जेवणावर तुटून पडायचं नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार ढासळतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर सांगतील तसं, थोडं थोडं.

घरी आल्यावर मी बंद दारापुढे उभा राहायचो. कडी माझ्या बाजूला असायची, तरी कोणीतरी उघडेल म्हणून थांबायचो. काय घालू, काय खाऊ, या निवडी करताना घाम फुटायचा. सगळ्यांना गोष्ट ऐकायची होती, एकाच बैठकीत. तसं करू नका. एकदाच बसवून सगळं वदवून घेणं उपयोगाचं नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. माझी बहीण रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला यायची आणि काही विचारायची नाही. मी आपणहून बोलायला लागलो ते जनरेटरच्या फिल्टरपासून. झोप, दचकणं बरेच महिने राहिलं तर यातला जाणकार मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेरी वेट यांच्या पुढाकाराने सुरू झालेली होस्टेज इंटरनॅशनल ही संस्था सुटलेल्यांना आणि कुटुंबांनाही मदत करते. आणि कुटुंबही बदललेलं असतं हे विसरू नका. त्या काळात बहिणीने एकटीने सगळं निभावलं होतं. मी येऊन पुन्हा "मोठा भाऊ" व्हायला लागलो तेव्हा खटके उडाले.

आता तुमच्या आईच्या प्रश्नाकडे येतो. या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचा आहे. केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीत २९ जून २०१२ ला नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलच्या ताफ्यावर हल्ला झाला. एक ड्रायव्हर मारला गेला, चार कर्मचाऱ्यांना सोमालियाच्या दिशेने नेलं, चौथ्या दिवशी ते सुटले. त्यातले स्टीव्ह डेनिस पुढे ऑस्लोच्या न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने संस्थेचा गंभीर निष्काळजीपणा मान्य करून सुमारे ४४ लाख नॉर्वेजियन क्रोनर भरपाई दिली. त्या निकालाने कर्मचाऱ्यांची काळजी घेणं ही कायदेशीर जबाबदारी आहे हे पुष्कळ संस्थांच्या लक्षात आलं.

म्हणून भावाने करार सही करण्याआधी विचारावं. रस्त्याने जायचं की विमानाने, हे कोण ठरवतं आणि धोका वाटला तर "मी जात नाही" म्हणायची मुभा आहे का. अपहरण झालं तर पगार चालू राहतो का. सुटल्यावर उपचारांचा खर्च किती वर्षं मिळतो, कंत्राट संपल्यावरही मिळतो का. आणि गाडीत त्याच्याबरोबर जो ड्रायव्हर असेल त्याला यातलं काय काय लागू आहे. विमा, वाटाघाटी, घरच्यांना पगार, नंतरचे उपचार, सगळं. हा शेवटचा प्रश्न ईमेलने विचारायचा आणि उत्तरही लेखीच घ्यायचं. आलं की इथे कळवा.